एकही लेक्चर न चुकवण्याचा हिशेब: माझा अनुभव

सगळी लेक्चर्स करायची म्हणजे नक्की किती, हे मी आधी कागदावर काढलं. पाच विषय, प्रत्येकाची आठवड्याला ३ लेक्चर्स, म्हणजे १५. त्यात ३ प्रॅक्टिकल्स आणि २ ट्युटोरियल्स धरून आठवड्याचे २० तास-वर्ग. १५ आठवड्यांचे ३००. सुट्ट्या, इंटर्नल परीक्षा आणि शिक्षक रजेवर असल्याने ३४ झालेच नाहीत, जादाची ८ घेतली गेली. म्हणजे प्रत्यक्षात झाले २७४, त्यातले मी २७० केले. हुकलेल्यांची कारणं पुढे येतीलच.

हा आकडा बघून घाबरायचं कारण नाही, कारण २० पैकी १४ तासांना काही प्रयत्न लागतच नाहीत. आपण कॉलेजात असतोच, शेजारचे उठून वर्गात जातात, आपणही जातो. हजेरी गळते ती ठरावीक जागी. सकाळचं पहिलं लेक्चर, दिवसातलं एकुलतं एक लेक्चर, दोन तासांच्या ऑफनंतरचं, जेवणानंतर लगेचचं आणि आठवड्याच्या शेवटच्या दिवसाचं शेवटचं. माझ्या टाइमटेबलमध्ये असे ६ निघाले. त्यांवर लाल खूण केली आणि सगळी तयारी त्या सहांसाठीच केली. ‘रोज शिस्तीने वागायचं’ असला संकल्प चौथ्या आठवड्यापर्यंत विरतो. सहा जागा राखणं जमण्यासारखं असतं.

सकाळच्या लेक्चरचा हिशेब उलट्या बाजूने करावा लागतो. लेक्चर ८ वाजता, म्हणजे ७:५५ ला बाकावर. घरापासून गेटपर्यंत किती वेळ लागतो हे पहिले दोन आठवडे रोज लिहून ठेवलं: सगळ्यात कमी १९ मिनिटं, सगळ्यात जास्त ३४, सरासरी २५. बहुतेकजण सरासरी धरून निघतात आणि दर दोन-तीन दिवसांनी उशिरा पोचतात. धरायची ती ३४. गेटपासून तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गापर्यंत आणखी ६ मिनिटं, हीसुद्धा घड्याळ लावून मोजलेली, कारण अंदाजाने सगळे ‘दोनच मिनिटं’ म्हणतात. म्हणजे ७:१५ ला निघायचं. आवरायला ३५ मिनिटं, म्हणून ६:४० ला उठायचं आणि ११ ला झोपायचं.

उठल्यावरची १५ ते ३० मिनिटं डोकं जड असतं, आणि त्या वेळात घेतलेला कुठलाही निर्णय ‘आजचा एक दिवस राहू दे’ असाच निघतो. म्हणून त्या वेळात ठरवायचं काही शिल्लकच ठेवायचं नाही. फोन पलंगापासून चार पावलांवर, चार्जिंगला. कपडे खुर्चीवर. बॅग रात्रीच भरलेली. गजर दोन-तीन लावू नयेत, पहिला ऐकताच ‘अजून दोन आहेत’ असं मन सांगतं. सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ तासाभरापेक्षा जास्त सरकवायची नाही, नाहीतर आठवड्याचा पहिला दिवस हमखास जातो. आणि कॉफी संध्याकाळी नको. तिच्यातलं निम्मं कॅफीन शरीरातून जायला साधारण ५ तास लागतात, त्यामुळे ६ वाजता प्यायलेली कॉफी ११ लाही निम्मी अंगात असते.

बॅगेच्या आतल्या बाजूला वारवार यादी चिकटवली होती. वह्या-पेनं कुणी विसरत नाही. विसरतात त्या प्रॅक्टिकलच्या वस्तू: एप्रन, सही घेतलेलं जर्नल, कॅल्क्युलेटर, ओळखपत्र. एप्रन नसेल तर प्रयोगशाळेत घेत नाहीत आणि माणूस दारापर्यंत येऊनही गैरहजर लागतो. यात सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री एप्रन धुणं. जाड सुती कापड, सकाळी बाह्यांच्या शिवणी आणि खिसे ओलेच असतात. प्रॅक्टिकल झालं त्याच संध्याकाळी धुवायचा, वाळला की लगेच घडी करून बॅगेत. कपाटात ठेवला की तो तिथेच राहतो.

ऑफ तासांचं म्हणाल, तर एकच नियम पुरतो: आवाराबाहेर जायचं नाही. खोलीवर ‘जरा जाऊन येते’ म्हणून गेलेलं कुणी परत येत नाही, पलंग दिसला की संपलं. मी लायब्ररीत बसायचे, पण तिथेही वेळ निघून जातो, म्हणून लेक्चरच्या १२ मिनिटं आधीचा व्हायब्रेशनचा गजर. डुलकी घ्यायची तर २० मिनिटांच्या आत. त्याहून जास्त झाली तर झोप गाढ होते आणि उठल्यावर पुन्हा तेच जडपण.

आता टाइमटेबल. भिंतीवर लागलेलं टाइमटेबल पहिले दोन आठवडे कच्चंच समजावं. वर्ग बदलतात, बॅचेस फिरतात, दोन विषयांच्या वेळा एकमेकांत जातात. बदल वारावर लिहायचे नाहीत, तारखेवर लिहायचे. ‘मंगळवारी वर्ग ३०४’ असं लिहिलं की तो एकाच मंगळवारचा बदल होता की कायमचा, हे पुढच्या आठवड्यात आठवत नाही. माझं एक लेक्चर असंच गेलं. मी योग्य वेळी, योग्य मजल्यावर, रिकाम्या वर्गात बसले होते. वर्ग बदलल्याची सूचना त्याच सकाळी ग्रुपवर आली होती आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली गेली होती. त्यानंतर रोज रात्री ९ ला आणि निघण्यापूर्वी अशी दोनदा सूचना तपासायची सवय लावली, आणि सीआरचे (वर्गप्रतिनिधीचे) मेसेज वर पिन करून ठेवले.

उलटी चूकही होते. ‘आज लेक्चर होणार नाही म्हणे’ असा मेसेज येतो. या ‘म्हणे’वर विसंबू नये. शिक्षकांनी स्वतः किंवा सीआरने त्यांचं नाव घेऊन सांगितलं असेल तरच लेक्चर रद्द धरायचं. बाकी वेळी जाऊन दार बघून यायचं. लेक्चर खरंच नसेल तर जातात ती दहा मिनिटं.

मास बंकमध्ये, म्हणजे सगळ्या वर्गाने मिळून लेक्चर बुडवण्यात, आपण नाही हे पहिल्याच आठवड्यात ठरवून मित्रमैत्रिणींना सांगून टाकलं तर सोपं जातं. ऐनवेळी नाही म्हणणारा फुटीर ठरतो. आधीपासून ‘ती येतेच’ हे माहीत असलं की कुणी विचारतही नाही. एखाद्या वेळी वर्गात तिघंच असतो आणि शिक्षक शिकवत नाहीत, नुसत्या शंका घेतात. ते लेक्चर बहुतेकदा सगळ्यात कामाचं ठरतं.

वर्गात बसणं वेगळं आणि हजेरी लागणं वेगळं, हे मात्र नीट ध्यानात घ्यावं. पहिल्या दहा मिनिटांनंतर आलं तर बरेच शिक्षक गैरहजर लावतात. सहीचा कागद फिरतो तेव्हा तो मागच्या बाकावर अडकतो, म्हणून लेक्चर संपण्याआधी पाच मिनिटं तो कुठे आहे ते बघून ठेवायचं. ॲपवर हजेरी असेल तर फोनचं लोकेशन बंद असणं आणि बॅटरी संपणं ही दोन नेहमीची कारणं. प्रॉक्सीबद्दल एवढंच, की दुसऱ्याची सही केली आणि पकडलं गेलं तर आपलीही हजेरी जाते.

यासाठी स्वतःची नोंदवही ठेवावी. मी पाच रकाने केले होते: तारीख, विषय, तास, हजर की नाही, आणि त्या दिवशी शिकवलेला मुद्दा. शेवटचा रकाना फालतू वाटतो, पण खरं काम तोच करतो. ‘सर, मी आले होते’ याला किंमत नसते. ‘१२ तारखेला तुम्ही अमुक उदाहरण सोडवलं होतं, ही माझी वही’ याला असते. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक शिक्षकाच्या रजिस्टरशी आकडा जुळवायचा. सेमिस्टरच्या शेवटी डिफॉल्टर लिस्ट (हजेरी कमी पडलेल्यांची यादी) लागल्यावर दुरुस्त्या घेऊन रांगेत उभं राहणाऱ्यांना शिक्षक कंटाळलेले असतात.

आजारपणाचा नियमही आधीच ठरवला: ताप असेल तर जायचं नाही. चढत्या तापात लेक्चरला बसून स्वतःला काही कळत नाही, शेजारच्यांना मात्र आजार मिळतो. तापाच्या एका दिवसात माझे ४ तास-वर्ग गेले. लेक्चर सुरू होण्याआधी शिक्षकांना कळवलं, डॉक्टरांचं सर्टिफिकेट त्याच दिवशी घेतलं (मागच्या तारखेचं मागायला गेलं की अडचण होते), आणि बुडालेलं प्रॅक्टिकल त्याच आठवड्यात दुसऱ्या बॅचबरोबर भरून काढलं, म्हणून ते हुकलेल्यांत धरलेलं नाही. आठवडा उलटला की प्रयोगाची मांडणी काढून टाकलेली असते. नोट्स दोघींकडून घेतल्या. एक फळ्यावरचं सगळं उतरवते, दुसरी तोंडी सांगितलेलं टिपते. दोन्ही शेजारी ठेवल्यावर लेक्चर अर्धं-अधिक उभं राहतं.

एखादा तास बुडालाच तर त्याच विषयाचा पुढचा कुठल्याही परिस्थितीत बुडवायचा नाही. गणितासारख्या पायरीपायरीने चढणाऱ्या विषयात एक गेला तर एक भोक पडतं. सलग दोन गेले की तिसऱ्याला काही कळत नाही, आणि कळत नाही म्हणून चौथ्याला माणूस जात नाही. निव्वळ आळसाने वर्ग सोडणाऱ्यांपेक्षा असे मागे पडून सोडणारे मला जास्त दिसले.

सगळ्यात अवघड काळ सहाव्या ते नवव्या आठवड्यांचा. नवेपणा संपलेला, परीक्षा अजून लांब, सबमिशन्स डोक्यावर. एका विषयाचा अभ्यास करण्यासाठी दुसऱ्याचं लेक्चर सोडण्याचा मोह इथेच होतो. मी एकदा बुडालेल्या लेक्चरच्या भरपाईचा वेळ मोजला: नोट्स मिळवणं, उतरवणं आणि समजून घेणं मिळून पावणेदोन तास. एक तास वाचवायला पावणेदोन मोजायचे.

आणि कंटाळवाणं लेक्चर? ते असतंच. स्लाइड वाचून दाखवणाऱ्या शिक्षकांसमोर हजेरीने फारसं काही मिळत नाही, हे मान्य करायला हवं. संशोधक मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी २०१० साली आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात हजेरीचं मार्कांशी नातं प्रवेशपरीक्षेच्या गुणांपेक्षाही घट्ट दिसलं, पण हजेरी सक्तीची केल्याने मार्कांत पडणारा फरक मात्र लहान होता. नुसतं बसवून भागत नाही, असा मी त्याचा अर्थ लावते. म्हणून अशा तासांना दुसरी-तिसरी रांग धरायची, आधी पाच मिनिटं धडा चाळून एक प्रश्न लिहून जायचं आणि त्याचं उत्तर येतं का एवढंच ऐकायचं. उठण्यापूर्वी वही बंद ठेवून तीन ओळी आठवून लिहायच्या. विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने १८८५ सालीच दाखवलं आहे, त्यामुळे या तीन ओळी रात्रीवर ढकलू नयेत.

शेवटच्या आठवड्यात वर्ग निम्मे रिकामे होतात आणि नेमके तेव्हाच शिक्षक पेपरचा आराखडा, वगळलेले भाग आणि जर्नल तपासण्याच्या तारखा सांगतात. त्याच आठवड्यात रजिस्टरचे आकडे शेवटचे जुळवले. कॉलेजच्या यादीत माझे २६८ निघाले, वहीत २७०. एक सहीचा कागद दुसऱ्या बॅचच्या फाइलला लागला होता, एक जादा लेक्चर यादीत चढवायचंच राहिलं होतं. वही उघडून पाचवा रकाना दाखवला आणि दोन्ही तिथल्या तिथे चढवून घेतले.