भंगारात काढायला गेलो आणि लेथ चालू झाला

मी बँकांसाठी मशिनरीचं व्हॅल्युएशन करतो. म्हणजे एखाद्या कारखान्याचं कर्ज थकलं की बँक मला पाठवते आणि आतल्या एकेका मशीनला आज किती पैसे येतील ते मी लिहून देतो. भोसरी, चाकण, रांजणगाव सगळीकडे फिरून झालंय, बंद शेड बघायची सवयही झालीय, पण २०२१ च्या डिसेंबरात भोसरी एमआयडीसीत गेलो होतो तो दिवस काही डोक्यातून जात नाही.

छोटं शेड, पत्र्याचं छप्पर. इथे ड्रिल चक (ड्रिलचं पातं पकडणारा जबडा) आणि मशीन वाइस (मशीनवर काम घट्ट धरणारा शिकंजा) बनायचे. कर्ज फेडा म्हणून बँकेची साठ दिवसांची नोटीस येऊन मुदत संपलेली. मालक पंच्याहत्तरीचे, त्यांना मी लगेच काकाच म्हणायला लागलो. कामगारांपैकी एकटे तात्या उरले होते, औंध आयटीआयचे टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे, साठी कधीच ओलांडलेली. पगार बंद होऊन आठ महिने झाले तरी रोज येऊन लेथच्या बेडवर, म्हणजे खालच्या लोखंडी पट्टीवर, तेल फिरवायचे. विचारलं तर म्हणाले, "नाय फिरवलं तर गंज धरतो ना साहेब."

यादीत एचएमटीचा एनएच २२ लेथ (धातू फिरवून गोल कापणारं मशीन), एचएमटीचंच एफएन २ मिलिंग (खाचा आणि सपाट बाजू कापणारं), किर्लोस्करचा एक जुना लेथ, सरफेस ग्राइंडर आणि किरकोळ सामान. चाळीस वर्षांच्या मशीनचा आमच्याकडे हिशोब सोपा असतो, वजन किती टन आणि बिडाचा भाव किती. कुदळवाडीचे भंगारवाले पण तेव्हा त्याच भावाने उचलायचे. मी तसंच लिहायला सुरुवात केली होती.

नेमप्लेटचे फोटो काढत होतो तेव्हा काका आपणहून बोलायला लागले. म्हणाले, "९१ ला मी पेढे वाटलेले या शेडमध्ये." मला वाटलेलं ते आयात खुली करण्याला शिव्या देतील. पण त्यांचं म्हणणं, आधीचे दिवस काय सुखाचे होते का, चांगलं स्टील हवं तर परवाना, बाहेरचं मोजमापाचं साधन हवं तर एवढी ड्युटी की विचारायलाच नको, तात्यांनी जपानी मायक्रोमीटर तीन वर्षं पैसे साठवून घेतलेला. २४ जुलै १९९१ ला मनमोहन सिंगांचं बजेट आलं, त्याच दिवशी नवीन औद्योगिक धोरण आलं, बहुतेक उद्योगांना लायसन्स लागेनासं झालं, तेव्हा काकांना वाटलं आता आपण मोठे होणार. आणि पहिली काही वर्षं झालेही, गाड्यांचे कारखाने वाढत होते, त्यांचे व्हेंडर नवीन मशीन घेत होते आणि मशीन आलं की चक आणि वाइस लागतोच.

मग आयातीवरची ड्युटी उतरत गेली. ९१ च्या बजेटात सगळ्यात वरचा दर दीडशे टक्क्यांवर आणला, ९५ पर्यंत तो पन्नासवर आला, २००७ ला दहावर. काका म्हणाले, "उतरवायला माझी हरकत नव्हती रे, पण तिकडे ड्युटी दरवर्षी खाली आणि इकडे माझ्या कॅश क्रेडिटचं, रोजच्या धंद्यासाठीच्या बँक कर्जाचं, व्याज सोळा-सतरा टक्के, ते कुठे खाली येतंय?" १ एप्रिल २००१ ला आयातीवरचे उरलेसुरले कोटेही गेले, त्याच वर्षाच्या शेवटी चीन डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, आला. त्यानंतर दोनेक वर्षांनी मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या व्यापाऱ्याने काकांसमोर एक चिनी चक ठेवला. त्याची किंमत काकांच्या कच्च्या मालाएवढी. इकडे आणून तात्यांनी डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) लावला तर चक चांगलाच हलत होता. पण गिऱ्हाईक काही दुकानात डायल घेऊन जात नाही. आणि काका हेही म्हणाले की पाचसहा वर्षांत तोच चिनी चक सुधारला, मग तर बोलायलाच जागा राहिली नाही. चक बंद केले, जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांचे पार्ट मजुरीवर करून देणं, धरलं, त्यावर दहाएक वर्षं ओढली आणि लॉकडाऊनमध्ये तेही गेलं.

साडेअकराच्या सुमारास एक तिशीतला मुलगा बाइकवर आला, घामाघूम, हातात फडक्यात गुंडाळलेला तुटका शाफ्ट. चाकणला त्याचा सीएनसी शॉप, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा, जर्मनीला पार्ट पाठवतो. त्याच्या जर्मन मशीनच्या चिप कन्व्हेयरचा, म्हणजे कापलेला किस बाहेर काढणाऱ्या पट्ट्याचा, शाफ्ट तुटलेला, कंपनीचा स्पेअर यायला तीन आठवडे, आणि कंटेनर शुक्रवारी लागणार. स्वतःच्या सीएनसीवर का नाही केला विचारलं तर म्हणाला, दोन्ही मशीन्स त्याच ऑर्डरवर लावलीत, एकावरचं सेटिंग काढलं तर अख्खी पाळी जाते. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मशीन चालवून बघणं माझ्या कामातच बसतं, लाइट अजून तोडलेली नव्हती, मी म्हटलं करा.

पुढचे अडीच तास मी नुसता उभा होतो. कोपऱ्यात ईएन २४ या मजबूत स्टीलचा एक तुकडा पडलेला होता, तात्यांनी तो चार जबड्यांच्या चकमध्ये धरला, डायल लावून सेंटर केला, आणि न बोलता काम सुरू. बेअरिंगची सीट, म्हणजे शाफ्टवर बेअरिंग बसतं तो भाग, तीस एमएमची होती, शेवटचा कट घेताना त्यांनी मला हाताने मागे सरकवलं. चावी बसायची खाच एफएन २ वर काढली. मग तोच जपानी मायक्रोमीटर लावून मला दाखवला, सीट तीस एमएमच्या बारा मायक्रॉन (एमएमचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) वर, बेअरिंग घट्ट बसायला जेवढी हवी तेवढीच. चाळीस वर्षांचा लेथ, ज्याला मी सकाळी किलोवर लिहिलं होतं! त्या मुलाने पैसे विचारले तर काका म्हणाले तात्यांना दे, आणि तो पाच हजार ठेवून गेला. तात्या पैसे मोजत बसले नाहीत, आधी बेड पुसला.

मला त्या दिवशी काय कळलं ते सरळ सांगतो. दारं उघडली नसती तर चाकणचा तो मुलगा जर्मनीला माल पाठवत नसता, हे मी मान्य करतो. पण आयातीला वाट देताना इथल्या छोट्या कारखान्याला स्वस्त कर्ज, टेस्टिंग, नवीन मशीन यासाठी तेवढीच ठरलेली तारीखवार मदत मिळायला हवी होती, ती मिळाली नाही, आणि त्यात जे मोडलं ते आज त्या मुलालाच लागतंय.

मी आधीचा कागद फाडला. एनएच २२ आणि एफएन २ ला चालू मशीन म्हणून लावलं, डायलचे आकडे आणि शाफ्टचे फोटो जोडले. आठवड्याने बँकेतून मॅनेजरचा फोन आला, एवढ्या जुन्या मशीनला एवढी किंमत कशी, प्लॉटच्या लीजमध्येच आपले पैसे वसूल होतायत, यात कशाला वेळ घालवता. मी म्हटलं, हवं तर तुम्ही या, चालवून दाखवतो. ते काही आले नाहीत, पण रिपोर्ट बदलायलाही सांगितलं नाही.

निघताना तात्यांनी एक पत्र्याची पेटी पुढे केली. "ही माझी स्वतःची आहे साहेब, कंपनीची नाही, यादीत नका घेऊ." आत मायक्रोमीटर, दोन डायल, हाताने घासलेली टूल्स. मी रिपोर्टमध्ये वेगळी ओळ लिहिली, पेटी कामगाराची वैयक्तिक, आणि त्याखाली काकांची सही घेतली.