उणे वीस अंशांत घर उबदार ठेवणारा एसी

नॉर्वेत हिवाळ्यात कुठल्याही वस्तीतून चालत गेलात, तर घरांच्या भिंतींना बाहेरून लावलेली पंख्याची पेटी दिसतेच दिसते. आपल्याकडच्या स्प्लिट एसीचं बाहेरचं युनिट जसं असतं, हुबेहूब तसंच. भोवती गुडघाभर बर्फ, आणि पंखा मात्र जोरात फिरतोय. आईला व्हिडिओ कॉलवर ते दाखवलं तेव्हा तिनं लगेच विचारलं, "अगं, एवढ्या थंडीत एसी कशाला लावलाय?" प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणूनच जरा सविस्तर लिहिते.

तो एसीच आहे, फक्त उलट्या दिशेनं चालणारा. त्याला हीट पंप म्हणतात. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, हीट पंप बाहेरची उष्णता उचलून खोलीत आणतो. बाहेर उणे १५ असताना उष्णता कुठली, असं वाटणं साहजिक आहे. पण उष्णता खऱ्या अर्थानं संपते ती उणे २७३ अंशांना. त्या हिशेबानं उणे १५ च्या हवेत उष्णतेचा भरपूर साठा आहे. ती उचलायला हवेपेक्षाही थंड असं काहीतरी लागतं, आणि ते काम नळ्यांमधला गॅस करतो. आर-३२ हा सध्या सर्रास वापरला जाणारा गॅस साध्या दाबाला उणे ५२ च्या आसपास उकळतो. त्यामुळे बाहेरच्या नळ्यांतून तो द्रवरूपात जातो तेव्हा आपल्याला गोठवणारी हवाही त्याला उकळवायला पुरते. मग कॉम्प्रेसर ही वाफ दाबतो. दाबली की ती चांगलीच तापते, घरातल्या युनिटमध्ये तिचा पुन्हा द्रव होतो आणि उष्णता खोलीत पसरते. पुढे दाब उतरतो, द्रव गार पडतो आणि परत बाहेर जातो. उन्हाळ्यात एक व्हॉल्व्ह गॅसचा प्रवाह उलटा करतो, की तेच यंत्र घर थंड करतं.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं. साध्या हीटरला एक युनिट वीज दिली, तर एकच युनिट उष्णता मिळते, त्याहून जास्त मिळणं शक्यच नाही. हीट पंपात वीज खर्च होते ती मुख्यतः उष्णता वाहून आणायला. त्यामुळे शून्याच्या वर, सौम्य थंडीत, एका युनिटमागे तीन-चार युनिटं उष्णता घरात येते. पारा उणे १५ च्या खाली गेला की हे प्रमाण दोनच्या आसपास उतरतं, तरीही हीटरच्या दुप्पट. ज्या देशात वर्षातले सहा-सात महिने घर तापवावं लागतं, तिथे हा फरक दर महिन्याच्या बिलात दिसतो.

इथली वीज बहुतांश जलविद्युत आहे आणि घरं फार पूर्वीपासून विजेच्या हीटरवर तापतात. २००२-०३ च्या हिवाळ्यात धरणांत पाणी कमी होतं आणि विजेचे दर भडकले. त्यानंतर सरकारनं हीट पंपासाठी अनुदान दिलं आणि लोकांनी ते झपाट्यानं बसवून घेतले. १ जानेवारी २०२० पासून तर इमारती तापवण्यासाठी खनिज तेल जाळण्यावर बंदी आली. आज दर १०० घरांमागे साधारण ६० हीट पंप आहेत. थंड प्रदेशात हे यंत्र चालत नाही, असं अजूनही बरेच जण म्हणतात. त्यांनी हा आकडा जरूर लक्षात घ्यावा.

ड्रामेन या शहरात तर २०११ पासून फियोर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या पाण्यातून उष्णता काढतात. पाणी असतं आठ-नऊ अंशांचं, आणि अमोनियावर चालणारे अजस्र पंप त्याच्या जोरावर शहराच्या नळ्यांतलं पाणी ९० अंशांपर्यंत तापवतात. इंजिनिअर लोकांबद्दल मनापासून आदर वाटतो तो अशा वेळी.

घरात वावरताना आणखी काही गोष्टी जाणवतात. हीटरजवळ भाजतं आणि कोपऱ्यात गारठा, तसं इथे होत नाही, सगळ्या खोलीभर सारखी ऊब राहते. मात्र एका युनिटची हवा बंद दारांपलीकडे जात नाही, म्हणून ते मोकळ्या दिवाणखान्यात लावतात. झोपायच्या खोल्या गारच राहतात, आणि इथल्या लोकांना ते आवडतं! मधूनच यंत्र थांबल्यासारखं होतं. बाहेरच्या जाळीवर साठलेला बर्फ वितळवायला ते काही मिनिटं उलटं चालतं, तेव्हा बाहेर वाफेचे लोट दिसतात. कोरड्या कडक थंडीपेक्षा शून्याच्या आसपासच्या दमट हवेत हे जास्त होतं. वीज गेली तर सगळंच बंद पडतं, म्हणून बऱ्याच घरांत लाकडाची शेगडीही असते.

आणि उन्हाळा. थंडीसाठी जाड बांधलेली घरं उन्हाळ्यातली उष्णताही धरून ठेवतात, त्यात रात्री उशिरापर्यंत ऊन. २०१८ चा उन्हाळा इथे विक्रमी तापला होता. अशा वेळी वेगळा एसी न घेता गारवा मिळतो.

नॉर्वेत भाड्याचं घर बघायला येणार असाल, तर हीट पंप आहे का, एवढंच विचारून थांबू नका. तो किती जुना आहे, कुठल्या खोलीत आहे, शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली, हे विचारा. बाहेरचं युनिट जमिनीपासून पुरेसं उंच आहे ना, बर्फात बुडणार नाही ना, हे स्वतः बघा. आतलं झाकण उघडून फिल्टरवर नजर टाका. तिथे धुळीचा थर असेल, तर पंप कितीही चांगला असला तरी वीज जास्त खाणार. फिल्टर काढून व्हॅक्यूम क्लीनरनं साफ करायला दहा मिनिटं लागतात. गॅसच्या नळ्यांना मात्र स्वतः हात लावू नका. ते काम प्रमाणपत्र असलेल्या तंत्रज्ञाचं आहे, आणि कायद्यानंही तसंच बंधन आहे.