पॅकेजपासून फोटॉनपर्यंत : आमच्या लिनक्स मंडळाचे वार्षिक मेळावे

लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली वापरणाऱ्यांच्या आमच्या मंडळाचा मेळावा वर्षातून एकदा भरतो आणि त्याचा क्रम ठरलेला असतो. सकाळी ज्यांना लिनक्स नव्याने बसवून घ्यायचे आहे किंवा ज्यांचा संगणक अपडेटनंतर अडून बसला आहे त्यांच्यासाठी दुरुस्तीची टेबले, दुपारी एक-दोन व्याख्याने आणि शेवटी खुली चर्चा. या चर्चेला विषय कधीच दिलेला नसतो, तरीही ती जवळजवळ दर वर्षी पॅकेज व्यवस्थापनापासून, म्हणजे प्रोग्रॅम बसवण्या-काढण्याच्या व्यवस्थेपासून, सुरू होते, क्वांटम भौतिकीकडे वळते आणि विज्ञानाच्या मर्यादांपाशी येऊन रेंगाळते. नवख्या माणसाला हे विषयांतर वाटते. मला मात्र मागे वळून पाहताना या सगळ्या चर्चांमध्ये एकच धागा दिसतो : एखादी गोष्ट ‘होत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा ती का होत नाही, अजून जमलेली नाही म्हणून, फार महाग पडते म्हणून, की ती होऊच शकत नाही म्हणून, हे वेगळे करून पाहण्याची सवय आम्हाला या बैठकांनी लावली.

सुरुवात पॅकेजपासून व्हायची, कारण त्या बाबतीत प्रत्येकाकडे सांगण्यासारखे काहीतरी असायचेच. स्लॅकवेअर आणि डेबियन ही दोन्ही वितरणे (लिनक्सचे तयार संच) १९९३ सालची, आणि मंडळातल्या ज्येष्ठांपैकी काहींनी त्या काळापासून लिनक्स वापरलेले. एक प्रोग्रॅम बसवायला जावे तर त्याला एक लायब्ररी (इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड) हवी असे, ती शोधून आणावी तर तिला आणखी दोन हव्या असत, आणि त्यांतली एखादी नेमकी भलत्याच आवृत्तीची मिळे. डीपीकेजी किंवा १९९५ साली आलेले आरपीएम ही पॅकेज बसवणारी साधने काय कमी आहे ते सांगत, पण ते आणण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर सोडत. १९९९ साली डेबियन २.१ बरोबर एपीटी हे साधन आले आणि हे शोधण्याचे काम संगणकाकडे गेले. तो बदल ज्यांनी अनुभवला त्यांच्या तोंडून तो ऐकणे हा मेळाव्यातला माझा आवडता भाग होता. एक ज्येष्ठ सदस्य तर दर वर्षी नव्या मुलांना ‘एपीटी-गेट मू’ ही आज्ञा आवर्जून द्यायला लावत. पडद्यावर अक्षरांनी काढलेली गाय उमटली की ते सांगत, की ज्यांनी ही साधने फुकट लिहून जगाला दिली त्यांनी ती आनंदाने लिहिली, हे या गायीवरून ओळखावे. याउलट स्लॅकवेअरचा ध्वज खांद्यावर घेतलेले एक सर होते. स्लॅकवेअरची मूळ साधने आजही डिपेंडन्सी, म्हणजे पॅकेजला चालायला लागणारी इतर पॅकेजे, तपासत नाहीत, आणि सरांच्या मते तेच योग्य होते. आपल्या यंत्रात काय आहे हे ज्याला माहीत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्याने निर्णय घेऊ नयेत, असे त्यांचे म्हणणे. मला ते कधी पटले नाही, पण त्यांच्या युक्तिवादाला उत्तर देताना प्रत्येकाला आपला मुद्दा घासूनपुसून घ्यावा लागे.

एका वर्षीच्या दुरुस्तीच्या टेबलावरचा प्रसंग मला स्पष्ट आठवतो. एका विद्यार्थिनीच्या संगणकावर ‘अनमेट डिपेंडन्सीज’ची लांबलचक यादी आली होती आणि तळाशी ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ असे वाक्य होते. तिने कुठल्याशा उपायावर विश्वास ठेवून एक पॅकेज काढायला सांगितले, तेव्हा एपीटीने व्यवस्थेचा अत्यावश्यक भागच निघून जाईल असा इशारा दिला आणि पुढे जायचे असेल तर ‘येस, डू ॲज आय से!’ हे अख्खे वाक्य, उद्गारचिन्हासकट, टंकण्याची अट घातली. तिने पहिले दोन शब्द टंकलेही होते. शेजारी उभ्या असलेल्या गणिताच्या निवृत्त प्राध्यापकांनी, “थांब जरा, ते काय विचारतंय ते आधी वाचू,” म्हणून तिला थांबवले आणि फळ्यावर चार चौकोन काढले. वरच्या पॅकेजला डावे आणि उजवे अशी दोन पॅकेजे हवीत, त्या दोघांनाही तळातले चौथे हवे, पण डाव्याला त्याची जुनी आवृत्ती हवी आणि उजव्याला नवी. दोन आवृत्त्या एकत्र राहू शकत नसतील तर ही मागणी पुरी होणारच नाही, यंत्र कितीही वेगवान असो. तिच्या संगणकात परक्या भांडारातून (पॅकेजांच्या साठ्यातून) आलेले एक पॅकेज नेमके असेच मधे अडकले होते. ते मूळ भांडारातल्या आवृत्तीवर आणताच सारी गाठ सुटली.

प्राध्यापक तेवढ्यावर थांबले नाहीत आणि त्या वर्षीची खुली चर्चा त्यांच्या फळ्याभोवतीच झाली. ‘हे किंवा ते हवे’, ‘हे असेल तर ते नको’ अशा अटी हजारो पॅकेजांना लागू केल्या की तयार होते ती तर्कशास्त्रातली जुनी ओळखीची समस्या, म्हणजे सॅट (दिलेल्या सगळ्या अटी एकदम पाळता येतील का, हा प्रश्न), असे त्यांनी दाखवले. स्टीफन कुक यांनी १९७१ साली सिद्ध केले, की एनपी या वर्गातली (उत्तर मिळाले की ते पटकन तपासता येते अशी) प्रत्येक समस्या सॅटच्या रूपात मांडता येते, आणि पॅकेजांच्या डिपेंडन्सीचा प्रश्नही सर्वसाधारण रूपात तितकाच कठीण आहे. मग आमचे संगणक रोज काही सेकंदांत उत्तर देतात ते कसे, असे कोणीतरी विचारले. त्यांचे उत्तर माझ्या कायमचे लक्षात राहिले : सर्वांत वाईट परिस्थितीतली अडचण आणि रोजची अडचण या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्यक्षातली भांडारे माणसांनी काळजीपूर्वक रचलेली असतात आणि चांगले सॅट सॉल्व्हर (सॅट सोडवणारे प्रोग्रॅम) त्या रचनेचा फायदा उठवतात. ओपनसुझे या वितरणाच्या ११.० आवृत्तीत २००८ साली असा सॉल्व्हर आला आणि त्याचा वेग पाहून अनेकांचे मत बदलले. कठीण म्हणजे अशक्य नव्हे, हा भेद त्या दिवशी आम्हाला हाताला लागला.

खरोखरच्या अशक्यापर्यंत चर्चा पोहोचली ती सुरक्षेच्या प्रश्नावरून. २९ मार्च २०२४ रोजी एक्सझेड या संकोचन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट असल्याचे जाहीर झाले होते. त्यानंतरच्या मेळाव्यात दुसरा विषय निघणे शक्यच नव्हते. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरण्याच्या साधनाने) आत शिरताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा जास्तीचा विलंब दिसला आणि त्याने तो किरकोळ म्हणून सोडून दिला नाही, एवढ्यावरून हे उघडकीला आले. तरुण सदस्यांचा प्रश्न रास्त होता : प्रत्येक पॅकेज आपोआप तपासून ‘निर्धोक’ किंवा ‘धोकादायक’ असा शिक्का मारणारे साधन आपण का लिहीत नाही? प्राध्यापकांनी ट्युरिंग यांचा १९३६ सालचा निष्कर्ष सांगितला, की कोणताही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे दर वेळी अचूक सांगणारी एकच रीत असू शकत नाही. मग १९५३ सालचा राईस यांचा सिद्धांत सांगितला, ज्यानुसार प्रोग्रॅमच्या वागणुकीविषयीच्या कोणत्याही अर्थपूर्ण गुणधर्माबाबत हेच खरे आहे. इथे अडचण वेगाची किंवा पैशाची नाही. असे साधन, सर्व प्रोग्रॅमांसाठी आणि कधीही न चुकणारे, असूच शकत नाही.

सभागृहात थोडी निराशा पसरली हे मला आठवते, आणि ती घालवली डेबियनच्या पुनरुत्पादनक्षम बिल्डवर काम करणाऱ्या एका सदस्याने. एकाच मूळ सोर्सपासून (प्रोग्रॅमच्या लिहिलेल्या मजकुरापासून) वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या यंत्रांवर, शेवटच्या बिटपर्यंत तंतोतंत सारखे पॅकेज तयार करावे, म्हणजे मधल्या कोणी काही मिसळले नाही याची खात्री पटते, असे हे काम आहे. सोर्समध्येच लबाडी असेल तर ती याने सापडणार नाही आणि सोर्सपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलरही संशयातीत नसतो, हे केन थॉम्पसन यांनी १९८४ सालच्या आपल्या ट्युरिंग व्याख्यानात दाखवूनच ठेवले आहे. पण जेवढे शक्य आहे तेवढे नेमके किती, हे कळल्यावर त्यासाठी मेहनत घेता येते. निक्स ही वेगळी पॅकेज व्यवस्था वापरणाऱ्यांना तर या चर्चेने स्फुरण चढले. त्यांच्या व्यवस्थेत पॅकेज ज्या ज्या गोष्टींपासून बनले त्या सगळ्यांचा हॅश (त्यांच्यावरून काढलेला ओळखीचा ठसा) पॅकेजच्या पत्त्यातच असतो आणि दोन आवृत्त्या शेजारीशेजारी सुखाने नांदतात, त्यामुळे फळ्यावरच्या त्या चार चौकोनांची गाठ बऱ्याचदा पडतच नाही. सारखे आत घाला, सारखे बाहेर येईल, हे त्यांचे ब्रीद.

आणि इथेच क्वांटम भौतिकी आत आली. निसर्ग तरी असा पुनरुत्पादनक्षम आहे का, असे कोणीतरी विचारले. आमच्यात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आहेत. कर्नलमधली (प्रणालीच्या गाभ्यातली) एखादी चूक डीबगर (चुका शोधण्याचे साधन) लावला की लपते, तिला मंडळी ‘हायझेनबग’ म्हणत, तेव्हा त्या हसून पण ठामपणे सांगत, की हायझेनबर्ग यांचे १९२७ सालचे तत्त्व ‘मोजायला गेलो की धक्का लागतो’ एवढ्यावर संपत नाही. स्थान आणि संवेग हे दोन्ही एकाच वेळी हव्या तितक्या अचूकतेने ठरलेले असतील अशी अवस्थाच क्वांटम सिद्धांतात नाही. त्या वर्षी त्यांनी पिशवीतून पोलरॉइडच्या दोन पट्ट्या काढल्या. एलसीडी पडद्याचा प्रकाश मुळातच ध्रुवीकृत (एकाच दिशेत कंप पावणारा) असतो. त्यांनी एक पट्टी लॅपटॉपसमोर धरून फिरवत नेली आणि टर्मिनलवरची हिरवी अक्षरे पूर्ण काळोखात गेली. मग तीच पट्टी तशीच ठेवून त्यांनी दुसरी पट्टी पडदा आणि पहिली पट्टी यांच्या मधे, पंचेचाळीस अंशांत सरकवली. अक्षरे परत दिसू लागली! अडथळा वाढवल्यावर प्रकाश वाढला होता. पुढच्या रांगेतले दोघे उठून पडद्याजवळ गेले आणि स्वतःच्या हाताने पट्टी काढून-घालून पाहू लागले. प्रकाशाला लाट मानले तरी हे समजते, असे बाईंनी प्रामाणिकपणे सांगितले. खरा पेच पुढे आहे : फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकेक करून सोडले तर पंचेचाळीस अंशांच्या पट्टीतून निम्मे जातात आणि निम्मे अडतात, आणि सर्वस्वी सारख्या तयार केलेल्या फोटॉनांपैकी कोणता जाईल हे सांगता येत नाही. वैयक्तिक निकाल पुन्हा तसाच मिळत नाही, निकालांचे प्रमाण मात्र दर वेळी मिळते, आणि प्रयोगशाळेतले विज्ञान त्याच प्रमाणाच्या आधारावर उभे आहे.

एका मुलाने लगेच हरकत घेतली, आणि ती इतक्या आमच्या भाषेत होती की मला फार भावली : “मॅडम, फोटॉनबरोबर एखादी लपलेली कॉन्फिग फाईल येत असेल, आपल्याला ती फक्त वाचता येत नसेल!” १९३५ साली आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांना जवळपास हेच म्हणायचे होते, असे सांगून बाईंनी त्याची पाठ थोपटली आणि जॉन बेल यांच्या १९६४ सालच्या कामाकडे वळल्या. जोडीने निर्माण झालेले दोन कण जर आपापली फाईल बरोबर घेऊन निघाले असतील आणि एकाच्या मोजमापाचा दुसऱ्यावर परिणाम होत नसेल, तर त्यांच्या निकालांमधल्या संबंधांना एक मर्यादा पडते. १९६९ साली क्लाउझर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या रूपात ती मर्यादा २ आहे, तर क्वांटम सिद्धांत सुमारे २.८३ पर्यंत जाऊ देतो. आस्पे यांचे १९८२ चे प्रयोग आणि २०१५ मधले पळवाटा बुजवणारे प्रयोग या सर्वांनी २ ची मर्यादा ओलांडली, आणि क्लाउझर, आस्पे व त्साइलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यातून नेमके काय बाद होते तेही त्यांनी जपून सांगितले : स्थानिक गुप्त चलांची (कणाबरोबरच असणाऱ्या, दुरून न बदलणाऱ्या लपलेल्या माहितीची) कल्पना बाद होते. अंतराची पर्वा न करणारी गुप्त चले, जशी डेव्हिड बोम यांनी १९५२ साली मांडली, ती शक्यता शिल्लक राहते. जेवढे सिद्ध झाले तेवढेच म्हणावे, ही त्यांची शिस्त मंडळात हळूहळू रुजली. ‘क्वांटम’ या नावाखाली वाटेल ते खपवणाऱ्यांना आमच्या बैठकीत नंतर फारसे श्रोते मिळाले नाहीत.

बाई आणि प्राध्यापक एरवी आपापल्या विषयाची बाजू लढवत, पण एका वर्षी ते दोघे मिळून बोलले. क्युबिट, पेरेझ-गार्सिया आणि वोल्फ यांनी २०१५ साली दाखवले होते, की अनंत पसरलेल्या क्वांटम जाळीच्या गणिती प्रारूपात सर्वांत खालच्या ऊर्जेच्या वर, पुढच्या ऊर्जेपर्यंत, फट आहे की नाही, हे सर्व बाबतींत ठरवणारी रीत असू शकत नाही. थांबेल की नाही हे सांगता न येणारे ट्युरिंग यांचे यंत्रच त्यांनी जाळीच्या रचनेत विणले होते. म्हणजे पॅकेज तपासणाऱ्याच्या वाटेत उभी राहिलेली मर्यादा पदार्थविज्ञानाच्या समीकरणातही उभी होती. प्रत्यक्षातला पदार्थाचा तुकडा सान्त असतो, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या कामाला याने टाळे लागत नाही, हे दोघांनीही बजावले. मला तो दिवस मंडळाच्या इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो, कारण विज्ञानाची मर्यादा ही विज्ञानानेच, पुराव्यानिशी शोधून काढलेली गोष्ट असू शकते, हे त्या दिवशी पूर्ण उलगडले.

मर्यादेचा आणखी एक प्रकार आम्हाला आमच्याच घरातल्या भांडणाने दाखवला. सिस्टमडी (संगणक सुरू होताना सगळ्या सेवा चालू करणारी व्यवस्था) घ्यावे की नाही यावरून मंडळ एके काळी अक्षरशः दोन गटांत बसत असे. सुरू व्हायला किती वेळ लागतो, किती कोड आहे, किती त्रुटी नोंदल्या आहेत, हे सारे मोजता येते आणि आम्ही मोजलेही. पण एका साधनाने एकच काम करावे की व्यवस्थेचा मोठा भाग एका हाती असावा, याचे उत्तर कोणत्याही मापनात नव्हते. डेबियनच्या तांत्रिक समितीतही फेब्रुवारी २०१४ मध्ये मते समसमान पडली आणि निकाल अध्यक्षांच्या निर्णायक मताने लागला. स्लॅकवेअरवाले सर त्या वर्षी म्हणाले होते, की आकडे संपले की माणसांनी एकमेकांशी बोलायचे असते. त्यांच्याशी मी सर्वांत जास्त सहमत झालो तो हाच प्रसंग.

पुढच्या मेळाव्यासाठी दोन विषय फळ्यावर लिहून ठेवले आहेत. एपीटी ३.० मधल्या नव्या सॉल्व्हरचे व्याख्यान त्याच विद्यार्थिनीकडे आहे, जी आता दुरुस्तीचे एक टेबल स्वतः सांभाळते. दुसरा विषय बाईंचा : मोजमाप करताना नेमके काय घडते, आणि तरंगफलन (कणाची अवस्था मांडणारे गणिती रूप) ही जगातली वस्तू आहे की आपल्या माहितीची नोंद. स्लॅकवेअरवाल्या सरांनी त्यावर हरकती आधीच लिहून पाठवल्या आहेत.