फरक ओळखा

दुपारची झोप टाळायला मी काहीही वाचतो. काल सहारातल्या मुंग्या निघाल्या. ट्युनिशियात राहणाऱ्या, कॅटाग्लिफिस या एकाच वंशातल्या दोन मुंग्या, शेजारी शेजारी फोटो. एक अल्बिकान्स, दुसरी फोर्टिस. दोघी काळपट, दोघी किडकिडीत. रविवारच्या पुरवणीतलं 'सहा फरक ओळखा' सोडवताना बारीक करायचो तसे डोळे बारीक केले. फोर्टिस जराशी मोठी, पाय लांब. पुढे काही सुचेना.

आजोळी मुंग्या ओळखणं सोपं होतं. लाल चावते, काळी चावत नाही, डोंगळा धरला की सोडत नाही. ओढावा तर धड हातात येतं आणि डोकं तिथंच. आजी लाल मुंग्यांसमोर हळदीची रेघ ओढायची, काळ्यांना मात्र चिमूटभर साखर. शंका आली तर मामेभाऊ परीक्षा घ्यायचा: मुंगीपुढे बोट धरायचं. पद्धत शास्त्रशुद्धच, फक्त बोट माझं असायचं.

ऑग्युस्त फोरेलकडे असा मामेभाऊ नसावा. हा स्विस मनोविकारतज्ज्ञ, पण मुंग्यांचा नाद इतका की पुढे स्वित्झर्लंडच्या हजार फ्रँकच्या नोटेवर एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला मुंग्या छापल्या. त्याने १९०२ साली फोर्टिसला अल्बिकान्सचाच एक प्रकार म्हणून नोंदवलं. मुंग्यांचे अभ्यासक रुडिगर वेनर यांनी तिला स्वतंत्र जात ठरवलं ते थेट १९८३ मध्ये. खरं तर पत्ता विचारला असता तरी संशय आला असता. ही राहते खारट, सपाट, झाडाझुडपांचं नाव नसलेल्या जमिनीवर. भर उन्हात मेलेले किडे शोधत वेडीवाकडी भटकते, आणि किडा मिळाला की सरळ रेषेत घरी.

ते कसं जमतं हे शोधायला २००६ च्या एका प्रयोगात, खाण्यापाशी पोचलेल्या फोर्टिसच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवले. वाढलेल्या पायांनी त्या घर ओलांडून पुढे गेल्या. काहींचे पाय कापून आखूड केले. त्या घराच्या अलीकडेच थांबून वारूळ शोधू लागल्या. म्हणजे हिशोब पावलांचा! वाचून मी एकटाच हसलो.

नंतर त्याच आखूड पायांनी त्या वारुळातून पुन्हा निघाल्या, तेव्हा जाताना-येतानाची पावलं जुळली आणि अंतर बरोबर आलं. बाहेर पडायला लागल्यावर ही मुंगी जेमतेम आठवडाभर जगते. त्यातले उरलेले दिवस तशाच पायांवर.