कोलायटिस आणि धावणं: पोट सांभाळून पळायचं कसं

अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन आत जखमा होण्याचा जुनाट आजार, आटोक्यात असेल तर नियमित धावता येतं. अडचण होते ती घाईच्या शौचाची. जोरात पळताना रक्त आतड्यांकडून पायांच्या स्नायूंकडे वळतं, वर प्रत्येक पावलाचा हादरा पोटाला बसतो. म्हणून वेग असा ठेवा की धावता धावता सलग बोलता येईल.

खाणं आणि धावणं यांत दोन-तीन तास जाऊ द्या. खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप हालचाल करू लागतं, कॉफीने तर जास्तच. आदल्या रात्री चोथा आणि तेलकट कमी. एनर्जी जेल घेत असाल तर पाकीट उलटून बघा. सॉर्बिटॉल, मॅनिटॉल ही साखरेऐवजी घालायची गोड द्रव्यं दिसली तर नकोच, त्याने जुलाब होतात.

मार्ग सरळ लांब नको. शौचालयाभोवती एक किलोमीटरचा फेरा धरा, म्हणजे कुठेही असलात तरी अर्ध्या किलोमीटरच्या आत पोहोचाल. ही एक गोष्ट मनावरचा केवढा ताण उतरवते! कमरेच्या पाऊचमध्ये टिश्यू, जादा अंतर्वस्त्र, ओआरएस.

गुडघा दुखला म्हणून आयबुप्रोफेन घेऊ नका, आजार उसळू शकतो. पॅरासिटामॉल चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. दम लवकर लागत असेल तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. स्टेरॉइड बरेच महिने चालू असतील तर हाडं ठिसूळ होतात, त्यामुळे अंतर फार हळूहळू वाढवा.

रक्त पडतंय, ताप आहे, रात्री शौचाला उठावं लागतंय? धावणं बंद, डॉक्टरांना फोन. बरं वाटल्यावर एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं.