बिकनेल सेजला यंदा कणसं आली

इलिनॉयमधल्या आमच्या अंगणातल्या प्रेअरीची, म्हणजे इथल्या मूळ गवताळ माळाच्या तुकड्याची खबर: केरेक्स बिकनेली, म्हणजे बिकनेल सेज या गवतासारख्या झाडाच्या बहुतेक ठोंबांना यंदा कणसं धरलीत. गेल्या उन्हाळ्यात नुसती पाती होती. आता दांडे गुडघ्याच्या वर गेलेत आणि टोकाला हिरवट-तपकिरी कणसांचे झुबके आहेत. शेजाऱ्यांना अजूनही ते माजलेलं गवतच वाटतं. दांडा बोटांत धरून फिरवला की तीन कडा हाताला लागतात. नागरमोथा उपटून ज्यांचे हात दुखलेत त्यांना ही खूण सांगायला नको, कूळ एकच. स्वभाव मात्र वेगळा. नागरमोथा जमिनीखाली गाठी सोडत वाफाभर पसरतो, हे आपलं जागच्या जागी जाड होत बसतं.

आता जात पक्की करण्याचं. केरेक्सच्या ज्या ओव्हेल्स गटात ही येते, त्यातल्या सगळ्या सेज बहिणी-बहिणी दिसतात, त्यामुळे पानांवरून काही ठरवू नका. जूनअखेरपर्यंत थांबा, कणीस तोडा आणि भिंग घ्या. बीभोवती एक चपटी, पंखवाली पिशवी असते, तिला पेरिजिनियम म्हणतात. बिकनेलीची पिशवी मोठी, ५ मिलिमीटरच्या पुढे, आणि इतकी पातळ की उजेडात धरली तर आतलं बी दिसतं. दोन्ही अंगांनी शिराही स्पष्ट असतात. केरेक्स ब्रेव्हिअर हिची जवळची. तिची पिशवी गोलसर आणि जाडसर, आतल्या अंगाला शिरा जवळपास नाहीतच. माझ्या वाफ्यातली पारदर्शकच निघाली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

बिकनेली हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ नॅथॅनियल ब्रिटन यांनी १८९६ मध्ये दिलं, न्यूयॉर्कच्या यूजीन बिकनेल यांच्यावरून. हा माणूस वनस्पतींइतकाच पक्ष्यांचाही शौकीन. बिकनेल थ्रश हा पक्षीही त्यांच्याच नावाचा. एका हौशी माणसाच्या नावे एक सेज आणि एक पक्षी, आपल्यासारख्यांनी हेवा करावा असं आहे.

बी रुजवण्याचं तंत्र साधं आहे, फक्त घाई चालत नाही. ओल्या वाळूत मिसळून साधारण ६० दिवस फ्रिजमध्ये. (डब्यावर चिठ्ठी लावा, नाहीतर कोणीतरी झाकण उघडून नाक मुरडतं.) नंतर ट्रेमध्ये वरच पसरून हलकं दाबायचं, मातीखाली गाडायचं नाही, उगवायला उजेड लागतो. वाफ्यात लावल्यावर पूर्ण ऊन द्या. सावलीसाठी केरेक्स पेन्सिल्व्हेनिका ही दुसरी सेज आहे, तिच्याशी याची गल्लत नको.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बिग ब्लूस्टेमसारखी उंच गवतं उष्णता वाढली की जोर धरतात, सेज मात्र थंडी ओसरताच हिरवी होते. म्हणून निगेसाठी उशिराच्या वसंतात मुद्दाम जाळलेल्या प्रेअरीत गवतांचं फावतं आणि सेज मागे पडते. आमच्या वस्तीत आग लावणं शक्यच नाही; मी वाळलेली पाती मार्चच्या सुरुवातीला, नवे कोंब निघण्याआधी कापतो. ज्यांना जाळायची परवानगी मिळते त्यांनीही सगळा पट्टा एकाच वर्षी जाळू नये, असं माझं मत आहे. या राज्यात चांगल्या मूळ प्रेअरीचा एक टक्क्याचा दहावा हिस्साही उरलेला नाही, तेव्हा जे लावतोय ते तरी नुसत्या उंच गवतांकडे झुकलेलं नको.

कणसं जुलैत तपकिरी होऊन हाताने सहज झडू लागली की बी गोळा करेन. निम्मं त्याच पट्ट्यात, लिटल ब्लूस्टेम गवताच्या मधल्या उघड्या जागांत, नोव्हेंबरमध्ये थेट टाकायचं आहे; थंडीचं काम बाहेरच होऊ दे. उरलेलं वाटायला आहे. बदल्यात कोणाकडे केरेक्स मीडीआय ही सेज असेल तर सांगा.