मीटरमागचा सुटा होल्डर

गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तोंडावर सत्तरी तालुक्यातून म्हापशाकडे जाणाऱ्या गाड्या माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानाने भरलेल्या असतात. सुपारीचे घोस, तोरिंगे, कवंडळे, आंबाडे. चवथ झाली की या मालाला कोणी विचारत नाही. अशीच एक जुनी व्हॅन भर पावसात डिचोलीत माझ्या गॅरेजसमोर बंद पडली. वाळपईकडचे एक बागायतदार आणि त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी असे दोघेच होते. आम्ही ती ढकलून छपराखाली घेतली.

"मिस्त्री, बॅटरी नवी घातली. अल्टरनेटरचे कार्बनही बदलून घेतले. तरी वायपर आणि हेडलाइट लावून साखळी गावापर्यंत आलं की दिवे मंद होतात. आता अल्टरनेटरच नवा घाला म्हणतात." काकांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. अल्टरनेटर म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा आणि बॅटरी चार्ज करणारा भाग. त्याचा खर्च म्हणजे त्यांची माटोळीची सगळी कमाई.

दुसरी बॅटरी जोडून गाडी चालू केली आणि मल्टिमीटर लावला. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. इथे 12.1, आणि हेडलाइट लावताच आणखी खाली. फ्यूज शाबूत, अर्थची वायर पक्की, जाड वायर घट्ट. एवढ्यात मुलगी म्हणाली, "मिस्त्रीकाका, चढणीवर गाडी खूप रेस केली की कधीकधी पुढे दिवसभर काही होत नाही." मी ॲक्सिलरेटर जोरात दाबला. आकडा 14.1 वर गेला आणि तिथेच राहिला. गाडी बंद करून पुन्हा चालू केली, पुन्हा बाराच. म्हणजे अल्टरनेटर मेलेला नव्हता, त्याला कोणी जागं करत नव्हतं.

मग मी इंजिन चालू न करता फक्त चावी ऑन केली. ऑइलचा दिवा लागला, हँडब्रेकचा लागला. बॅटरीचा लाल दिवा लागला नाही.

"तो लागत नाही, म्हणजे बॅटरी बरोबर आहे ना?" काकांनी विचारलं. पुष्कळांची अशीच समजूत असते आणि ती स्वाभाविकही आहे. पण अशा जुन्या गाड्यांत तो बल्ब नुसता इशारा देत नाही. चावी ऑन केली की त्या बल्बातून थोडा करंट अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या रोटरला जातो. तीन वॉटचा बल्ब म्हणजे पाव अँपिअर, बस्स. तेवढ्यावर रोटर चुंबक होतो आणि चार्जिंग सुरू होतं. मग बल्बच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज येतो, म्हणून दिवा विझतो. बल्बच नसेल तर रोटरच्या लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वावर सगळी भिस्त. ते जोरात रेस केल्यावरच कामाला येतं. नव्या गाड्यांत हे काम कॉम्प्युटर करतो, तिथे हिशेब वेगळा.

"इतक्यात डॅशबोर्ड खोलला होता का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. डॅशबोर्डवरच्या स्पीड दाखवणाऱ्या मीटरचे दिवे गेले होते, म्हणून बापलेकीने घरीच डॅशबोर्ड उतरवून नवे बल्ब बसवले होते. मुलीने सीटखालून एक पुठ्ठा आणि बिस्किटांचा डबा काढला. पुठ्ठ्यावर तिने डॅशबोर्डचं चित्र काढलं होतं. जिथला पेच तिथेच भोक पाडून खोचायचा आणि शेजारी लिहायचं: लांब, आखूड, वायसरवाला. माझ्या गॅरेजमध्ये काम शिकायला आलेल्या कितीतरी मुलांना एवढी शिस्त लावायला मला वर्षं लागली. डब्यात मात्र एक बल्ब होल्डर सुटा होता, नखाएवढा.

"हा उरला," ती म्हणाली. "मागे दोन भोकं रिकामी होती. एक तर आधीपासूनच रिकामं होतं, म्हणून वाटलं हा जुनाच जास्तीचा असेल."

तिचा अंदाज अगदीच निराधार नव्हता. एकच मीटर दोन-तीन मॉडेलांना लावतात, त्यामुळे काही भोकं कारखान्यातूनच रिकामी येतात. मी तिलाच मीटर काढायला सांगितलं. तिने आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, न सांगता. ही गाडी एअरबॅगच्या आधीची होती, म्हणून मी निर्धास्त होतो. स्टिअरिंगजवळ पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या तर मात्र घरी हात घालू नये, हे माझं ठाम मत आहे. मीटर केबलचं लॉक दाबून, कपलर सोडवून मीटर बाहेर आलं. मागच्या पातळ फिल्मवर तांब्याच्या रेघा. एका भोकाकडे एकही रेघ जात नव्हती. दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंना तांबं उघडं, आणि त्यावर होल्डर फिरवल्याचे गोल ओरखडे. तिने बघितलं आणि मी काही बोलायच्या आत डब्यातला होल्डर उचलला.

तांब्यावर पावसाळ्याची हिरवट झाक आली होती, ती खोडरबराने पुसली. होल्डर पाव फेरा फिरवून बसवला. बॅटरी जोडली, चावी ऑन. लाल दिवा लागला. इंजिन चालू करताच विझला. मल्टिमीटरवर 14.2, हेडलाइट आणि वायपरसकट.

परत जोडणी तिनेच केली, आणि त्यात मी घाई करू दिली नाही. खोलणं सोपं, खरं कसब जोडण्यात. वर्षानुवर्षं उन्हात तापलेलं प्लास्टिक कडक होतं, त्याच्या क्लिपा जोर लावला की तुटतात. म्हणून क्लिप आधी समोरासमोर आणायची, मग तळहाताने दाबायची. प्लास्टिकमधला पेच आधी उलटा फिरवायचा. जुन्या आट्यात तो टक्कन उतरल्याचं बोटांना कळतं, तेव्हाच सुलटा आवळायचा, नाहीतर तो नवे आटे पाडतो आणि भोक सैल होतं. आखूड पेचाच्या जागी लांब पेच गेला तर तो मागची वायर सोलतो, मग फ्यूज का उडतो ते शोधत बसा. आणि सगळे पेच आधी अर्धेच लावायचे, पॅनेल जागेवर सरकलं की मगच आवळायचे. शेवटचं पॅनेल लावण्याआधी चावी ऑन करून एकेक दिवा मोजायचा. हे तिने पुठ्ठ्याच्या कडेला लिहून घेतलं.

काका पैशांचं विचारत होते, तिचा प्रश्न वेगळाच होता: "उद्या हा बल्ब उडाला तर पुन्हा चार्जिंग बंद?"

हो, बंद. काही गाड्यांत बल्बला समांतर रेझिस्टर असतो, बल्ब उडाला तरी त्यातून करंट जातो. या गाडीत तो नाही. चवथ झाल्यावर गाडी घेऊन ये, आपण बसवू, मी म्हटलं. तोवर त्याच वॉटचा बल्ब जवळ ठेवायचा, आणि त्या जागी एलईडी घालायचा नाही, कारण त्यातून पुरेसा करंट जात नाही. मी एक जादा बल्ब तिच्या डब्यात टाकला, आणि ती दोघं अस्नोड्याच्या रस्त्याने म्हापशाला गेली.